शोमरोनी बाई, पंडिता रमाबाई आणि वाळीत टाकलेल्यांचा देव

नगरी_मीठ

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी खवचटपणे विचारलं होतं, "तुमचा देव म्हणे सगळ्यांवर प्रेम करतो. म्हणजे नेमकं काय करतो?" तिथे विषय वेगळा होता म्हणून गप्प बसले. पण प्रश्न रास्त आहे. "देवाने जगावर एवढी प्रीती केली की..." हे वचन आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या घरात भिंतीवर, कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर सगळीकडे असतं, आणि भिंतीवर असलेल्या गोष्टीकडे माणूस बघेनासा होतो. म्हणून वचन राहू दे. हाच प्रश्न एका बाईला पडला तेव्हा काय झालं ते सांगते. बाई आपल्याच, पंडिता रमाबाई.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. वय पंचवीस, नवरा गेलेला, पदरात लहानगी मनोरमा. जायचं होतं डॉक्टरकी शिकायला, ते ऐकू कमी येत असल्यामुळे राहिलं. मुक्काम वाँटेज गावच्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे. या सिस्टर्सनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात चाललेलं आपलं एक काम बघायला पाठवलं. समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांसाठीचं ते घर होतं. चांगल्या घरच्या शिकलेल्या सिस्टर्स या बायकांमध्ये राहत होत्या आणि त्यांची सेवा करत होत्या.

याचा रमाबाईंना केवढा धक्का बसला असेल हे कळायला त्या कुठून आल्या ते बघायला हवं. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. सगळं कुटुंब पुराण सांगत पायी देशभर हिंडलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. उरलेली ही मुलगी भावाबरोबर कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. म्हणजे शास्त्रं तिने ऐकीव नाही, तोंडपाठ केलेली होती. पुढे तिने आपल्या आत्मकथनात लिहिलं की शास्त्रांची आपसात कितीही भांडणं असली तरी एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. बायका, मग त्या वरच्या जातीच्या असोत की खालच्या, मुळातच वाईट, आणि पुरुषांसारखा मोक्ष त्यांना नाही. घसरलेल्या बाईची तर बातच नको.

तर फुलहॅममध्ये रमाबाईंनी सरळ विचारलं, की तुम्ही लोक या बायकांची एवढी काळजी का करता? त्यावर सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. पुढे रमाबाईंनी तो अध्याय वाचला आणि त्यांच्या मनाने तिथेच कौल दिला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे काय गदारोळ झाला तो सगळ्यांना माहीत आहे.

आता गोष्ट. येशू यहूदी. भर दुपारी दमूनभागून याकोबाच्या विहिरीवर बसलाय. शोमरोनी बाई, म्हणजे यहूदी ज्यांना कमी लेखत त्या शेजारच्या लोकांतली, पाणी भरायला येते. यहूदी आणि शोमरोनी यांचा भांड्याला भांडं लागू न देण्याइतका दुरावा. हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. येशू तिला म्हणतो, मला प्यायला दे. माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. वरच्याने खालच्याला पाणी घालणं आपल्याला कळतं, त्याला आपण दया म्हणतो. इथे वरचा मागतोय, तेही तिच्या भांड्यातलं. ती चकितच होते. मग बोलणं तिच्या पाच नवऱ्यांवर जातं, तिथून उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत यावर जातं. म्हणजे ज्या बाईशी शिष्यांच्या मते रस्त्यात बोलूही नये, तिच्याशी हा धर्मशास्त्राचा वाद घालतो! शास्त्र शिकवलं म्हणून ज्या घराला त्रास झाला त्या घरच्या मुलीला ही गोष्ट भिडणारच.

आणखी एक. बहुतेक प्रवचनं ती घागर टाकून गावात पळाली इथे थांबतात. पण पुढे लिहिलंय की गावकऱ्यांनी आग्रह केला म्हणून येशू तिथे दोन दिवस राहिला. दोन दिवस म्हणजे शोमरोन्यांच्या घरचं जेवण आलं, अंथरूण आलं. बारा यहूदी शिष्यही सोबत होते, त्यांनी ते दोन दिवस कसे काढले हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

मला म्हणायचंय ते असं. ख्रिस्ती शिकवणीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुधार, मग देव जवळ करेल, असं नाही. जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार, रोमनांसाठी आपल्याच लोकांना लुबाडणारा. उंबरावर चढून बसला होता. येशू त्याला आधी म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलला. लोक चिडले ते या उलट्या क्रमावर.

रमाबाईंनी हा क्रम पुणे जिल्ह्यातल्या केडगावात उभा केला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तिथल्या अन्नछत्रांच्या आसपास पोरींचं काय होतं ते पाहिलं आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. तिथल्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये फसवल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी वेगळं घर काढलं, त्याचं नाव कृपासदन. म्हाताऱ्या-अपंगांसाठी प्रीतिसदन, आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन. बार्तिमय हा यरीहोच्या रस्त्यावरचा आंधळा भिकारी, ज्याला गर्दी गप्प बस म्हणत होती.

आता तुम्ही बोला. प्रेमाची ही शिकवण आमच्या मंडळ्यांनी किती पाळली, हा प्रश्नही चालेल. तो येणारच आहे.

अदिती_ठाणे

सुरेख लिहिलंयस. ते दोन दिवस माझ्या कधी लक्षातच आले नव्हते, आणि मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय!

पायी_वारी

लेख आवडला, पण एक तक्रार आहे. वाचून असं वाटतं की आपल्याकडे टाकलेल्यांचा देव नव्हताच. मंगळवेढ्याच्या कलावंतिणीची मुलगी कान्होपात्रा. बादशहाची माणसं न्यायला आली तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला. तिचं झाड आजही देवळात दाखवतात. चोखोबा, जनाबाई, सावता माळी. विठोबा चोख्याबरोबर ढोरं ओढतो आणि जनीबरोबर दळतो. यहूदी गुरूने शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं तर आमचा देव जनीच्या वेण्या घालतो. रमाबाईंना हे माहीत नव्हतं का? की सांगायचं नव्हतं?

नगरी_मीठ

@पायी_वारी, तक्रार मान्य नाही पण आवडली. आमचे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तर म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. त्यांचे अभंग आम्ही रविवारी टाळ-पेटीवर म्हणतो. त्यामुळे संतांशी आमचं भांडण असायचं कारण नाही.

पण रमाबाई पुराणिकाच्या घरच्या. देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगायचं हा त्यांचा चरितार्थ, वारीची वाट त्यांची नव्हती. आणि माझ्या मते त्यांचा प्रश्न देव काय करतो एवढाच नव्हता. देव प्रेम करतो हे ऐकून उठलेला माणूस संध्याकाळी काय करतो, हा होता. कान्होपात्रेला देवाने ठाव दिला. तिच्यामागून आलेल्या कलावंतिणीच्या मुलींना कुणी घरात घेतलं? चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे, आणि त्यांच्या लोकांना आत जायला मिळावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपास करावा लागला. अभंग सहाशे वर्षं गायले जात होतेच की.

पायी_वारी

हे लागलं. पण हाच निकष आपल्या चर्चला लावणार ना?

नगरी_मीठ

लावणार.

खडूस_काका

मी नास्तिक, त्यामुळे दोन्ही पक्षांना सारखाच त्रास देतो.

पहिला मुद्दा. बायबलमधला मत्तय १५ वाचा. कनानी बाई, परकी. मुलगी आजारी म्हणून येशूच्या मागे ओरडत येते. आधी तो उत्तरच देत नाही. मग म्हणतो, मी फक्त इस्राएलच्या हरवलेल्या मेंढरांसाठी आलोय. मग म्हणतो, मुलांची भाकरी घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नाही. कुत्र्यांना! हे सगळ्यांवरचं प्रेम?

दुसरा मुद्दा. सगळ्यांवर प्रेम आहे तर नरक कुणासाठी राखून ठेवलाय?

तिसरा. दुष्काळात अन्न देऊन धर्म दिला, त्याला प्रेम म्हणायचं की सौदा?

संपादक मंडळ

तिसऱ्या मुद्द्यावरून धर्मांतराच्या आजच्या राजकारणाकडे धागा जाणार नाही याची काळजी घ्यावी. इतिहास चालेल.

सेमिनरीवाला

काकांच्या पहिल्या दोन मुद्द्यांना मी घेतो. बायबल शिकवण्यात आयुष्य गेलं, तरी मत्तय १५ शिकवायला उभं राहिलं की अजून घसा साफ करावा लागतो.

काही भाष्यकार म्हणतात की तो तिची परीक्षा घेत होता. काही म्हणतात की मूळ शब्द घरातल्या पाळीव कुत्र्याचा आहे. मला दोन्ही उत्तरं पळवाटा वाटतात. कुत्रं ते कुत्रंच. वाक्य कडू आहे आणि मत्तयाने ते गाळलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ती बाई काय म्हणते? खरंय प्रभू, पण कुत्रीही धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा खातातच. शुभवर्तमानांत येशूशी वाद घालायला त्या काळचे यहूदी धर्मपुढारी, म्हणजे शास्त्री आले, परूशी आले, सदूकी आले. सगळे हरून गेले. वादात जिंकून गेलेली माणसं शोधायला लागलात तर ही परकी, कुत्र्यात गणलेली आईच हाती लागते. आणि हरल्यावर येशू चिडत नाही. "बाई, तुझा विश्वास मोठा आहे," म्हणतो. मत्तयाचं पुस्तक संपतं ते सगळ्या राष्ट्रांकडे जा या आज्ञेने. पंधराव्या अध्यायातली ही बाई त्या वाटेत मध्ये उभी आहे.

नरकाबद्दल चर्चमध्येही एकमत नाही. काही जुने आचार्य शेवटी सगळेच तरतील अशी आशा धरत, बाकीच्यांनी ती नाकारली. मी फक्त लूक १६ दाखवतो. श्रीमंत माणूस आणि त्याच्या दारात फोडांनी भरलेला लाजर. श्रीमंत मेल्यावर यातनेत आहे. त्याने खून केला नव्हता, मूर्ती पुजली नव्हती, लाजराला हाकललंही नव्हतं. दारात पडलेला माणूस त्याला रोज दिसत होता आणि तो जेवत होता, एवढंच. म्हणजे निदान या गोष्टीत तरी नरक भिकाऱ्यांसाठी राखलेला नाही.

खडूस_काका

कनानी बाईचं उत्तर आवडलं. नरकाचं चलाखीचं आहे, पण चालवून घेतो.

वसईचा_वारा

आमच्याकडे गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. बारा जण पुढे बसतात आणि फादर गुडघे टेकून एकेकाचे पाय धुतात, पुसतात, त्यांचं चुंबन घेतात. लहानपणी यात आम्हाला भारी मजा वाटायची, कारण निवडलेली माणसं घरूनच पाय घासूनपुसून, नखं कापून यायची. गावातली प्रतिष्ठित मंडळी! पावसाळी भातलावणीतल्या पायांना कुणी बसवलेलं मी पाहिलं नाही.

म्हणून २०१३ साली पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर पंधरा-वीस दिवसांतच रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या पोरांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुसलमानही होते, तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले. आजी म्हणाली, येशूने बारा पुरुषांचे धुतले होते, हे नवीन काय काढलंय? आईचं म्हणणं, त्या बारांत येशूला पकडून देणारा यहूदा होता की नाही? त्याचेही धुतले ना? आजी त्यावर काही बोलली नाही, पण मान्यही केलं नाही. २०१६ मध्ये बायकांचे पाय धुवायला रीतसर परवानगी मिळाली.

फिजिओताई

मी कुष्ठरोग रुग्णालयात काम करते. ख्रिस्ती संस्थेचं आहे, मी स्वतः ख्रिस्ती नाही. सल्ला, प्रवचन काही देत नाही, फक्त काम कसं चालतं ते सांगते.

कुष्ठरोगात बोटं 'झडत' नाहीत. नस मेल्यामुळे दुखणंच कळत नाही. चुलीवरचा तवा हाताने उचलला तरी चटका जाणवत नाही, चपलेत खिळा घुसला तरी माणूस दिवसभर चालतो. मग जखम, मग हाड सडणं. हे पॉल ब्रँड या मिशनरी सर्जनने वेल्लोरला दाखवून दिलं. त्याच्याकडचे रुग्ण सांगायचे की रात्री बोट गायब होतं. कळलं असं की उंदीर कुरतडून नेत आणि झोपलेल्याला पत्ताच नाही. मग रुग्णांना मांजरं दिली गेली!

आमचं रोजचं काम म्हणजे पाय. रुग्णाने पाय साध्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवायचे, मग भेग पडलेली जाड कातडी खरखरीत दगडाने हळू घासायची, ओलसर असतानाच तेल लावायचं, मग तळवा वर करून एकेक बोटामध्ये बघायचं. स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नसेल तर आरसा. नंतर एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची चप्पल, पट्ट्याला खिळा नाही. हे शिकवताना आम्हाला त्यांचा पाय मांडीवर घ्यावा लागतो. नव्या रुग्णाचा पाय हमखास मागे खेचला जातो. दुखतं म्हणून नाही, दुखतच नाही. "ताई, राहू द्या, तुम्ही नका हात लावू." पंचवीस वर्षांत घरात कुणी ताटाला ताट लावू दिलं नसेल तर काय होणार?

आमच्या चॅपलमध्ये मार्क १ मधली कुष्ठरोग्याची गोष्ट दरवर्षी वाचतात, म्हणून पाठ झाली आहे. मला एक सांगायचंय, येशूने त्याला बरं करून मग हात लावला असं नाही. आधी हात लावला. शब्दाने बरं करता येत होतं, इतर ठिकाणी केलंय. त्या काळच्या नियमाने अशा माणसाने फाटके कपडे घालून, तोंड झाकून "अशुद्ध, अशुद्ध" ओरडत वस्तीबाहेर राहायचं. गोष्टीच्या शेवटी तो माणूस गावात जातो आणि येशूला उघडपणे गावात जाता येत नाही म्हणून तो बाहेर एकांतात राहतो. दोघांच्या जागांची अदलाबदल. हे मला कुणी समजावलं नाही, ऐकून ऐकून दिसलं.

आणि हो, बाबा आमट्यांचं आनंदवन आहे, शिवाजीराव पटवर्धनांचं अमरावतीचं तपोवन आहे. प्रेमाची मक्तेदारी कुणाकडे नाही. कायद्याचं मात्र सांगते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं ते २०१९ साली. गोळ्यांनी पूर्ण बरा होणारा आजार, ऐंशीच्या दशकापासून.

अदिती_ठाणे

हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका, प्लीज.

निळी_शाई

एवढा वेळ वाचत होतो. आता काकांचा तिसरा मुद्दा आणि पायी_वारींचा निकष दोन्ही माझ्याकडे द्या, कारण मी त्याच घरातला. नगर जिल्हा, महारवाड्यातून आलेले ख्रिस्ती, चौथी पिढी.

पणजोबांनी दुष्काळात बाप्तिस्मा घेतला. पोटासाठी घेतला असेल. बरं मग? उपाशी माणसाने आधी तत्त्वज्ञान तपासावं आणि मग घास घ्यावा, हा नियम भरल्या पोटाच्या लोकांनी केलाय. येशूनेही पाच हजारांना आधी जेवू घातलं, विश्वास आहे का ते विचारलं नाही. आणि पोट भरल्यावर, दुष्काळ सरल्यावर पणजोबा परत का गेले नाहीत, हे कुणी विचारत नाही. घरात सांगतात ते असं की मिशनच्या शाळेत मास्तर त्यांच्या पाटीला हात लावून अक्षर दुरुस्त करायचा. पाटीला हात. गावच्या शाळेत त्यांना पडवीतही बसायची सोय नव्हती. पणजोबांच्या लेखी देवाच्या प्रेमाचा अर्थ एवढाच असेल तर तो मला पुरेसा मोठा वाटतो.

आता दुसरी बाजू. मी ज्या शहरात नोकरीला होतो तिथल्या एका चर्चमध्ये माझं आडनाव ऐकल्यावर "तुम्ही मूळचे कोण?" असं विचारलं गेलं. प्रार्थनेनंतर, चहाच्या कपाबरोबर. पुढच्या वेळी कमिटीच्या निवडणुकीत उत्तर मिळालं. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांत बामण, चारडो, सुदीर या जाती लग्नाच्या वेळी अजून आठवतात. तामिळनाडूत दफनभूमीत भिंती घातल्यात, मेल्यावरही शेजार नको. प्रभुभोजनाचा प्याला एकच, हे आम्ही जगाला सांगतो. कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं आणि चर्चमध्ये जात पाळली जाते हे मान्य केलं. मान्य केलं याबद्दल आभार, पण धोरण काढायची पाळी आली यातच सगळं आलं.

वर सरकार. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना, १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर. युक्तिवाद असा की ख्रिस्ती धर्मात जात नाही. म्हणजे आमच्या प्रवचनातलं वाक्य आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जातं! चर्च म्हणतं देवासमोर सगळे सारखे, सरकार म्हणतं तुमच्यात सगळे सारखे, आणि गाव म्हणतं की तू कोण ते आम्हाला ठाऊक आहे.

नगरी_मीठ, तुमचा लेख चांगला आहे. पण रमाबाई ब्राह्मण होत्या म्हणून त्यांच्या धर्मांतराला 'आध्यात्मिक शोध' म्हणतात आणि माझ्या पणजोबांच्या धर्मांतराला 'तांदळाचे ख्रिस्ती'. वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

नगरी_मीठ

@निळी_शाई, पाटीचा हात हा माझ्या लेखातल्या सगळ्या उदाहरणांपेक्षा जास्त बोलतो. भर घालते. रमाबाईंच्या आधीच्या शारदा सदन या आश्रमशाळेत ब्राह्मण विधवांना आपलं सोवळं पाळायची मुभा होती. ती त्यांनीच दिली होती. मुक्तीत दुष्काळातल्या मुली आल्या त्या सगळ्या जातींच्या, आणि तिथे ते सोवळं टिकलं नाही. लक्ष्मीबाई टिळकांनीही नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं सोवळं सोडलं नव्हतं. म्हणजे शिकवण कळणं आणि ताट शेजारी मांडणं यात वर्षं जातात, अगदी भल्या माणसांचीही. पण 'वर्षं जातात' हे आजच्या कमिटीला कारण म्हणून देता येणार नाही. दीडदोनशे वर्षं झाली की.

पायी_वारी

निळी_शाई, माझ्या निकषाचं उत्तर मिळालं, आणि मिळाल्याचा आनंद झाला नाही. आमच्याकडे पायरी, तुमच्याकडे भिंत.

रात्रपाळी

नवीन आयडी आहे, पहिलाच प्रतिसाद. मी तृतीयपंथी आहे. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, २३ व्या अध्यायात लिहिलंय की माझ्यासारख्याने देवाच्या मंडळीत येऊ नये. एका प्रार्थनासभेत मला तेच वाक्य वाचून दाखवलं होतं. कुणी सांगेल का, तिथेच थांबायचं का?

सेमिनरीवाला

@रात्रपाळी, नाही, थांबायचं नाही. वाचून दाखवणाऱ्याने पुढे वाचलं असतं तर बरं झालं असतं. यशया ५६ मध्ये देव म्हणतो की षंढाने "मी शुष्क झाड आहे" असं म्हणू नये, त्याला मी माझ्या घरात मुलामुलींच्या नावापेक्षा मोठं नाव देईन. मग प्रेषितांची कृत्ये ८. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार, तोही षंढ, यरुशलेमेहून परतताना रथात यशयाच वाचतोय. फिलिप त्याच्या रथात चढून बसतो. वाटेत पाणी दिसल्यावर तो विचारतो, माझा बाप्तिस्मा व्हायला काय हरकत आहे? अनुवाद २३ कुणी तिथे वाचून दाखवलं असतं तर हरकत होती. फिलिपने वाचलं नाही. दोघं पाण्यात उतरले. मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातला हा बाप्तिस्मा.

चर्चमध्ये आज तुमच्याबद्दल एकमत आहे असं मी सांगणार नाही, ते खोटं ठरेल. पण ते वाक्य शेवटचं नाही.

रात्रपाळी

यशया ५६ आत्ता वाचलं. धन्यवाद. नाव देईन हे आवडलं. आमच्यात गुरू नाव देतो.

खडूस_काका

माझा शेवटचा प्रश्न, मग मी झोपतो. वाळीत टाकलेल्यांवर देवाचं प्रेम, ठीक. वाळीत टाकणाऱ्यांचं काय? भिंत बांधणारा, चहाचा कप देऊन जात विचारणारा, अनुवाद २३ वाचणारा. यांच्यावरही म्हणे सारखंच प्रेम? मग न्याय कुठे गेला?

नगरी_मीठ

काका, लूक १५. उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना धाकट्याची म्हणून माहीत असते. पण येशूने ती सांगितली कुणाला? सुरुवातीला लिहिलंय की हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो अशी कुरकुर परूशी आणि शास्त्री करत होते, गोष्ट त्यांना सांगितली. थोरला मुलगा शेतातून येतो, आत गाणंबजावणं ऐकतो, रागावतो आणि दाराबाहेर थांबतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, विनवणी करतो. पण मेजवानी थांबवत नाही आणि धाकट्याला पंगतीतून उठवत नाही. प्रेम थोरल्यावरही आहे, पण आत यायचं तर त्या भावाच्या शेजारी बसायचं. थोरला आत गेला का, ते लूकने लिहिलेलं नाही.

निळी_शाई

आमचे थोरले तर आत आहेत हो, पंगतीच्या वरच्या टोकाला. बाहेर कोण आहे ते बघा. त्यामुळे बापाने समजूत काढण्यावर माझं समाधान नाही. लूकमध्येच मरियेचं गीत आहे, पहिल्या अध्यायात, अधिपतींना आसनांवरून उतरवलं असं म्हणणारं. प्रेम म्हणजे त्यांना उतरवणंही असेल. पुढच्या रविवारी कुणी यावर उपदेश करणार असेल तर कळवा, मी येतो.

सेमिनरीवाला

निळी_शाई, करतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाठवला आहे.

अदिती_ठाणे

अवांतर: केडगावला जायचं असेल तर कसं जायचं? बाहेरच्यांना मुक्ती मिशन बघू देतात का?

नगरी_मीठ

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या पॅसेंजरने केडगावला उतरायचं, दौंड तालुक्यात आहे. मिशन चालू आहे, आत मुली आणि बायका राहतात, त्यामुळे आधी कळवून जा. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबल तिथल्याच छापखान्यात तिथल्या बायकांनी छापलं होतं, त्याबद्दल जरूर विचार.